डिलिव्हरीनंतर सहाव्या दिवशी झटके, बीपी १७८/११२. एक्लम्पसियाबद्दल (गरोदरपणाच्या बीपीतून येणारे झटके)

वळीव

गेले तीन आठवडे लिहायचं म्हणतेय आणि हात धजत नव्हता, आज बसलेच. माझ्या वहिनीला डिलिव्हरीनंतर सहाव्या दिवशी पहाटे झटके आले. फिट्स. घरात कोणाला मिरगी नाही, तिला स्वतःला लहानपणी तापातसुद्धा कधी आकडी आलेली नाही. पहिलं बाळंतपण, वय २९, नॉर्मल डिलिव्हरी, बाळ छान, तिसऱ्या दिवशी घरी. नऊ महिने बीपी व्यवस्थित, फक्त शेवटच्या व्हिजिटला १३४/८६ आलं होतं, ते १४०/९० च्या आत आहे म्हणून कोणी काही बोललं नाही.

चौथ्या दिवसापासून डोकं दुखतंय म्हणत होती. आम्ही काय म्हणणार, जागरण चाललंय, बाळ दर दीड तासाने उठतंय, दुखणारच की. पॅरासिटामॉल दिली, तासभर बरं वाटलं, पुन्हा तेच. पाचव्या दिवशी संध्याकाळी म्हणाली डोळ्यांपुढे काहीतरी चमकतंय सारखं. त्याला आम्ही अशक्तपणा म्हणून मोकळे झालो. मला आता त्या शब्दाचा राग येतो, बाळंतिणीला काहीही झालं की अशक्तपणा. पहाटे चारला दादाला उठवून म्हणाली मला बाळाचा चेहरा नीट दिसत नाहीये, आणि पाचेक मिनिटांत तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, अंग ताठ झालं, दातखीळ बसली, मग हातपाय झाडायला लागली. दादा म्हणतो दहा मिनिटं चाललं होतं. डॉक्टर म्हणाले एक-दीड मिनिटच असेल, बघणाऱ्याला तेवढं वाटतं. जीभ चावू नये म्हणून दादाने दातांत बोट घातलं आणि ते असं चावलं गेलं की टाके घालावे लागले.

पण धागा काढतेय तो पुढच्यासाठी. कॅज्युअल्टीत नेलं तेव्हा बाळ घरी माझ्या आईजवळ ठेवलं होतं. वहिनी अर्धवट शुद्धीत, दादाच्या बोटातून रक्त गळतंय, माझं डोकं चालेना, फॉर्मवर कोणीतरी लिहिलं 'वय २९, झटके'. बस. सहा दिवसांपूर्वी डिलिव्हरी झालीय हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही कोणीच सांगितलं नाही, कारण आमच्या लेखी तो विषय संपलेला होता. मग मिरगीचं इंजेक्शन सुरू झालं, स्कॅनची तयारी चालू झाली. बीपी घेतलं होतं, १७८/११२, पण फिटनंतर वाढतंच असं कोणीतरी म्हणालं. चाळीसेक मिनिटांनी ईसीजीच्या पट्ट्या लावताना सिस्टरना तिचे कपडे दुधाने ओले झालेले दिसले. त्यांनी विचारलं, बाळ केवढंय? आणि तिथून सगळी चक्रं फिरली.

मॅग्नेशियम सल्फेट (या झटक्यांवरचं औषध) दिलं, दोन दिवस आयसीयू, आता ती घरी आहे, बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे. पण मला हे समजतच नाही की डिलिव्हरी झाल्यावर हे होतंच कसं? आम्ही तर ऐकलेलं की बाळ बाहेर आलं की बीपीचा त्रास संपतो.

गारगोटी

बापरे. वाचताना अंगावर काटा आला गं. वहिनी आता बऱ्या आहेत हे वाचून जीवात जीव आला. मी स्वतः ३२ आठवड्यांची आहे, परवाच १३८/८८ आलंय आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. नक्की कशाकडे लक्ष ठेवायचं हे कोणी जाणकार सांगेल का? घाबरवू नका फक्त.

कोरा_कागद

एक्लम्पसिया प्रेग्नन्सीत होतो ना? नंतर झालं तर तो वेगळा आजार असावा. आमच्या ओळखीत एकीला झालेलं ते आठव्या महिन्यात, लगेच सिझेरियन केलं आणि बरी झाली.

टाका_दोरा

वीस वर्षं लेबर रूममध्ये काढलीयत म्हणून लिहितोय, पण कोणाला न तपासता सल्ला देत नाहीये हे आधी सांगतो.

वळीव, तुमच्या वहिनींना जे झालं त्याला उशिराचा एक्लम्पसिया म्हणतात. बाळंतपणानंतरचे बहुतेक झटके पहिल्या ४८ तासांत येतात, तेव्हा बाई बहुधा आमच्या नजरेसमोर असते. पण ४८ तासांनंतर, आठवडा, दोन आठवडे, क्वचित सहाव्या आठवड्यापर्यंतसुद्धा येऊ शकतात आणि तेव्हा ती घरी असते. म्हणून तो जास्त फसवा. आणि कोरा_कागद, आजार तोच आहे, फक्त वेळ वेगळी. यातल्या अनेकींना गरोदरपणात बीपी होतं असं कागदावर कुठेच नसतं, त्यामुळे 'हिला तर बीपीचा त्रासच नव्हता' हे वाक्य ऐकून निर्धास्त व्हायचं नाही.

आता होतं कसं. मूळ खोट वारेत (प्लॅसेंटात) असते. वार रुजताना गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या जेवढ्या रुंद व्हायला हव्यात तेवढ्या होत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं आणि ती अशी काही प्रथिनं आईच्या रक्तात सोडते की सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. मग बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जातं, लिव्हर, किडनी, प्लेटलेट्स यांच्यावर ताण येतो. वार बाहेर आली की कारखाना बंद झाला हे खरं, पण बाहेर पडलेला माल रक्तात आहे आणि बिघडलेलं अस्तर एका दिवसात दुरुस्त होत नाही. त्यात भर म्हणजे नऊ महिने अंगात साठलेलं जादा पाणी डिलिव्हरीनंतर हळूहळू रक्तात परत येतं, त्यामुळे बीपी सगळ्यात जास्त चढतं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवशी. म्हणजे नेमकं कधी? घरी सोडल्यावर. डिस्चार्जच्या दिवशीचं १२६/८० बघून आपण सगळे खूश होतो आणि खरा चढ त्यानंतर असतो.

मेंदूत काय होतं तर वाढलेल्या दाबाखाली तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि सूज येते, ती जास्त करून मेंदूच्या मागच्या भागात. आणि दृष्टीचं केंद्र तिथेच आहे. म्हणून झटक्याआधी डोळ्यांपुढे चमकणं, धूसर दिसणं, दोन दोन दिसणं, काहींना तर काही तास अजिबात न दिसणं. डोळे चांगलेच असतात, बिघाड मागे असतो. एक्लम्पसिया हा शब्दच मुळात विजेसारखं अचानक चमकणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. आकाश निरभ्र असताना वीज पडावी तसा हा आजार येतो असं जुन्या लोकांना वाटायचं. खरं तर ढग बहुतेक वेळा आलेले असतात, बघणारं कोणी नसतं.

टाका_दोरा

गारगोटी, तुमचं राहिलं. प्रेग्नन्सीत २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर गेलं आणि जोडीला लघवीत प्रोटीन किंवा लिव्हर-किडनी-प्लेटलेट्सची गडबड असली तर प्रीएक्लम्पसिया. १६०/११० च्या वर गेलं तर तातडीचा मामला, ते लगेच औषध देऊन खाली आणावं लागतं, तास-दीड तास वाट बघायची नाही. तुमचं १३८/८८ म्हणजे घाबरण्यासारखं नाही पण विसरण्यासारखंही नाही. पुढची व्हिजिट चुकवू नका, लघवीची तपासणी झाली नसेल तर मागून घ्या.

लक्ष कशाकडे, तर डोकं दुखणं जे नेहमीच्या गोळीने जात नाही किंवा जाऊन परत येतं. डोळ्यांचं वर लिहिलं ते. छातीच्या खाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं, याला हमखास ॲसिडिटी म्हणतात आणि ॲसिडिटीची गोळी देतात, प्रत्यक्षात लिव्हरवर ताण आलेला असतो. उलट्या. चेहरा आणि हात एकाएकी सुजणं, अंगठी रुतणं (पायावरची सूज मात्र बऱ्याच जणींना असतेच, तिच्यावरून काही ठरत नाही). आडवं पडलं की धाप लागणं. लघवी कमी होणं. आणि एक गोष्ट बायका स्वतः सांगतात, 'काहीतरी विचित्र वाटतंय, नक्की सांगता येत नाही'. ती मी फार गांभीर्याने घेतो. हे सगळं डिलिव्हरीआधी जेवढं लागू तेवढंच नंतर सहा आठवडे लागू.

पिंपळपान

माझा थोडा वेगळा अनुभव. सिझेरियननंतर दुसऱ्या दिवसापासून मलाही भयंकर डोकेदुखी होती आणि सगळे घाबरले होते, पण ती पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनमुळे निघाली. मग कोणी ओळखायचं कसं कोणती डोकेदुखी कशाची? सगळ्यांनाच पळवायचं का हॉस्पिटलला?

टाका_दोरा

चांगला प्रश्न. भुलीच्या सुईची डोकेदुखी बसलं-उभं राहिलं की वाढते आणि आडवं पडलं की बऱ्यापैकी उतरते, मान पण आखडते. बीपीची तशी बदलत नाही. पण हे वाचून घरी बसून निकाल लावू नका, कारण याच दिवसांत मेंदूच्या शिरेत गुठळी होऊनही डोकं दुखतं आणि झटके येतात, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. बाळंतिणीची न थांबणारी डोकेदुखी म्हणजे आधी बीपी मोजायचं, मग बाकीची चर्चा. दोन मिनिटांचं काम आहे. वळीव, तुमच्या वहिनींचा स्कॅन केला तो योग्यच होता. फक्त त्याची वाट बघत मॅग्नेशियम थांबायला नको होतं. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत झटका आला आणि बीपी चढलेलं आहे तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो एक्लम्पसियाच धरायचा.

उंटावरचा_शहाणा

तोंडात बोट घालणं चूक पण चमचा तरी घालायलाच हवा ना, नाहीतर जीभ गिळली जाते. आमच्या शेजारी एकाला मिरगी आहे त्याच्या घरचे असंच करतात, काही होत नाही.

नाईट_ड्युटी

शहाणे भाऊ, जीभ गिळली जात नाही. जीभ खाली घट्ट धरलेली असते, गिळायची म्हटली तरी गिळता येत नाही. चावली जाऊ शकते, ते बरं होतं. चमच्याने दात तुटतात आणि तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर ते बरं व्हायला फार जड जातं. मी लेबर वॉर्डची सिस्टर आहे, दात तुटलेल्या दोघी बघितल्यात.

झटका चालू असताना काय करायचं तर खरं फार थोडं करायचं असतं आणि तेच लोकांना जमत नाही. डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, बाळ शेजारी असेल तर आधी बाळ उचला (हे लिहायला लागतंय कारण गडबडीत विसरतात), हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. झटका बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटांत आपोआप थांबतो. थांबायला लागला की डाव्या कुशीवर वळवा म्हणजे लाळ, उलटी बाहेर येईल. पाणी पाजू नका, गोळी देऊ नका, तोंडावर पाण्याचे सपकारे मारू नका, काही हुंगवू नका. एकाने फोन लावायचा. नंतर ती घोरल्यासारखा श्वास घेते, ओळखत नाही, कधी कधी आरडाओरडा करते, हात झटकते, घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. अर्ध्या-एक तासात शुद्धीवर येते आणि तिला यातलं काही आठवत नाही. झटका थांबला म्हणजे धोका टळला असं नाही हं, पुढचा येऊ शकतो, त्यामुळे 'आता झोपलीय, सकाळी नेऊ' असं करू नये.

उंटावरचा_शहाणा

ठीक आहे, मागे घेतो. नावाला जागलो म्हणायचं.

वळीव

नाईट_ड्युटी ताई, अगदी हेच, ती दादाला ढकलत होती, ओरडत होती. आईला वाटलं बाळंतपणात मनावर परिणाम झालाय. एक विचारू का, मॅग्नेशियम दिल्यावर ती सारखी म्हणत होती मला आतून जाळतंय, गरम गरम होतंय, आणि सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन गुडघ्यावर हातोडी मारून जायच्या. दादा वैतागला होता की झोपू तरी द्या तिला.

नाईट_ड्युटी

हो, सगळ्यांचे नातेवाईक वैतागतात. ते गरम होणं औषधाचंच, चेहरा लाल होतो, कानशिलं तापतात, ठीक आहे ते. हातोडीचं मात्र महत्त्वाचं. मॅगसल्फ (आम्ही असंच म्हणतो) हे औषध छान आहे पण किडनीवाटेच बाहेर पडतं. लघवी कमी झाली की ते अंगात साठतं. साठायला लागलं की आधी गुडघ्याची उडी जाते आणि त्याच्या वर गेलं की श्वास मंदावतो. म्हणजे गुडघा उडतोय तोपर्यंत आपण सुरक्षित बाजूला आहोत. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्याच, गुडघा उडतोय का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाही ना, आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला ३० मिलीच्या हिशेबाने झालीय का. म्हणून ती नळी लावलेली असते. त्यातली एक जरी गडबडली तर डोस थांबवतो. ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन आधीच ठेवलेलं असतं, तो उतारा. १० टक्क्यांचं १० मिली हळूहळू शिरेतून. मला नोकरीत दोनदाच लागलंय पण दोन्ही वेळा ते हाताशी होतं म्हणून निभावलं.

इंजेक्शनं कमरेवर घेतली असतील तर ती फार दुखतात, दोन्ही बाजूंना ५-५ ग्रॅम म्हणजे चांगली मोठी सिरिंज असते, बाई शुद्धीवर आली की आधी त्याबद्दल ओरडते.

अर्धविराम

या औषधाचा इतिहास मोठा रंजक आहे, मी डॉक्टर नाही पण वाचायची खोड आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते वापरात आहे आणि तरीही कित्येक दशकं डॉक्टरांचं एकमत नव्हतं, कोणी डायझेपाम द्यायचं, कोणी फेनिटॉइन, कारण झटका म्हटला की मिरगीची औषधं हे सरळ वाटतं. १९९५ साली अनेक देशांतल्या सुमारे १,७०० बायकांवर तुलना झाली तेव्हा दिसलं की मॅग्नेशियम दिलेल्यांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपामपेक्षा ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी होतं. मग २००२ मध्ये मॅगपाय नावाची चाचणी, ३३ देश, दहा हजारांवर बायका, यांना झटका आलेला नव्हता, फक्त प्रीएक्लम्पसिया होता. तिथे मॅग्नेशियमने झटक्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. मजा म्हणजे ते नक्की कसं काम करतं यावर अजून वाद आहेत. एका साध्या क्षाराने मिरगीच्या औषधांना मागे टाकलं, मला हे फार आवडतं.

टाका_दोरा

अर्धविराम, छान लिहिलंत. फक्त एक जोड देतो नाहीतर गैरसमज होईल. मॅग्नेशियम झटका थांबवतं आणि पुढचा टाळतं, ते बीपीचं औषध नव्हे. बीपी उतरवायला वेगळं लागतं, शिरेतून लॅबेटॅलॉल किंवा हायड्रॅलाझिन किंवा तोंडाने निफेडिपिन. उतरवायचं तेही बेताने, १४०-१५० / ९०-१०० च्या आसपास, एकदम १२० वर आपटायचं नाही, मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो. मॅग्नेशियमचा पहिला डोस ४ ग्रॅम शिरेतून, सावकाश, ढकलायचा नाही. मग एकतर कमरेत ५-५ ग्रॅम आणि दर चार तासांनी ५, किंवा शिरेतून तासाला १ ग्रॅम, शेवटच्या झटक्यापासून किंवा डिलिव्हरीपासून, जे नंतर झालं असेल तिथपासून २४ तास. मध्येच पुन्हा झटका आला तर आणखी २ ग्रॅम. सलाईन मोजून मापून, कारण या बायकांच्या फुप्फुसात पाणी चटकन साठतं, आणि लघवी कमी होतेय म्हणून घाबरून बाटल्यांवर बाटल्या लावणं ही चूक मी बघितलीय.

आणि छोट्या ठिकाणी पूर्ण उपचार शक्य नसले तरी पहिला डोस देऊन मगच मोठ्या ठिकाणी पाठवावं असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. रस्त्यात दुसरा झटका येण्यापेक्षा ते बरं. हे आकडे इथे लिहितोय ते घरी कोणी वापरायला नाही, आत काय चाललंय हे बाहेर बसलेल्या माणसाला कळावं म्हणून.

आजोळ

माझ्या धाकट्या बहिणीला दुसऱ्या बाळंतपणानंतर आठव्या दिवशी असंच झालं होतं, तीसेक वर्षं झाली त्याला. एकच झटका. तिला मिरगी म्हणून गोळ्या सुरू केल्या त्या तिने चार वर्षं घेतल्या, पुन्हा कधीही झटका आला नाही. दिवसभर झोप यायची तिला त्या गोळ्यांनी. सासरी 'फिट येणारी' म्हणून मुलाला एकटीने अंघोळ घालू द्यायचे नाहीत. आज हा धागा वाचून मी तिला फोन केला आणि विचारलं तेव्हा बीपी किती होतं गं. म्हणाली कोणी मोजलेलं आठवत नाही.

टाका_दोरा

आजोळ ताई, वाईट वाटलं वाचून. एक्लम्पसियाच्या झटक्यानंतर बीपी शांत झालं आणि दुसरं काही कारण नसेल तर सहसा मिरगीच्या गोळ्या वर्षानुवर्षं लागत नाहीत. ताईंना आता एक मात्र सांगा, वर्षातून एकदा तरी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघून घ्या. ज्यांना प्रीएक्लम्पसिया किंवा एक्लम्पसिया होऊन गेलाय त्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो. हे आम्ही डॉक्टरसुद्धा सांगायला विसरतो, सहा आठवड्यांची व्हिजिट झाली की फाईल बंद.

कोरा_कागद

सगळं ठीक, पण मला पटत नाही ते घराघरात मशीन. माझ्या बायकोच्या वेळी सासूबाईंनी मशीन आणलं आणि दिवसातून आठ वेळा बीपी. प्रत्येक वेळी वेगळा आकडा, प्रत्येक वेळी टेन्शन, टेन्शनने अजून बीपी. शेवटी मी मशीन लपवून ठेवलं. काही झालं नाही.

वळीव

काही झालं नाही म्हणून लपवणं बरोबर होतं असं होत नाही ना पण. आमच्याकडे पण काही झालं नव्हतं, पाचव्या दिवसापर्यंत.

नाईट_ड्युटी

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. आठ वेळा मोजू नये आणि लपवूही नये. मोजायचं तर नीट मोजा, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, एकावर एक टाकायचे नाहीत, हात छातीच्या उंचीला, मोजताना बोलायचं नाही, बाळाला पाजत असताना तर नाहीच. दंड भरलेला असेल आणि पट्टा लहान पडत असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. जास्त आलं तर पंधरा मिनिटांनी परत घ्या. दिवसातून दोनदा पुरे, वहीत लिहा. १५०/१०० च्या वर राहिलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, १६०/११० किंवा वर आलं, किंवा आकडा कितीही असो पण डोकं-डोळे-पोटाचं वर लिहिलंय तसं काही असलं, तर निघायचं. आणि मशीन नसेल तर जिथे मोजून मिळेल तिथे तिसऱ्या दिवशी आणि मग आठवडा-दहा दिवसांनी एकदा मोजून घ्या, विशेषतः आधी बीपी वाढलेलं असेल तर.

गारगोटी

माझा नवरा हे सगळं शेजारी बसून वाचतोय आणि त्याने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फाईलला लावलंय: 'डिलिव्हरीची तारीख आधी सांगणे'. अजून डिलिव्हरी झालीच नाहीये म्हणून तारखेची जागा रिकामी आहे 😄 वळीव, तुझ्या त्या दुधाने ओल्या कपड्यांच्या गोष्टीने तो हादरलाय. टाका_दोरा काका, पुढच्या वेळी होऊ नये म्हणून काही असतं का? आणि गोळ्या चालू असताना पाजता येतं का?

टाका_दोरा

काका म्हटलंत, ठीक आहे, केस पांढरे झालेच आहेत. पाजता येतं. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल ही अंगावर पाजताना चालतात, मॅग्नेशियम चालू असतानाही बाळाला लावता येतं, आई शुद्धीवर आणि कोणी शेजारी असलं की झालं. मिथाइलडोपा प्रेग्नन्सीत बऱ्याच जणी घेतात पण नंतर मन उदास होण्याची भीती असते म्हणून डिलिव्हरीनंतर बदलून घेतात.

पुढच्या वेळेसाठी, ज्यांना आधी होऊन गेलंय किंवा ज्यांचा धोका जास्त आहे (आधीपासून बीपी, मधुमेह, किडनीचा आजार, जुळी) त्यांना कमी डोसची ॲस्पिरिन साधारण १२ व्या आठवड्यापासून, १६ च्या आत सुरू करतात. प्रीएक्लम्पसियाचा धोका त्याने कमी होतो, शून्य होत नाही. ज्यांच्या खाण्यात कॅल्शियम फारच कमी आहे त्यांना तेही देतात. तुम्ही ३२ आठवड्यांवर आहात, तुमच्यासाठी ती गाडी निघून गेली, स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका.

आणखी एक, डिलिव्हरीनंतर रक्तस्राव थांबवायला देतात त्यातलं मिथाइलअर्गोमेट्रिन हे इंजेक्शन बीपी चढलेल्या बाईला टाळायचं असतं. आधी बीपी वाढलेलं असेल तर लेबर रूममध्ये जाताना परत एकदा तोंडाने सांगा, फाईलमध्ये आहे म्हणून गप्प बसू नका.

कोरा_कागद

मशीन बाहेर काढलंय. बायको हसतेय.

वळीव

सगळ्यांचे आभार. वहिनीला वाचून दाखवलं थोडं. तिला चौथ्या दिवसापासून आयसीयूतल्या दुसऱ्या दिवसापर्यंतचं जवळजवळ काही आठवत नाही, ती मला विचारत होती की चमकतंय असं मी खरंच म्हणाले होते का, आणि म्हणाले होते तर तुम्ही काय म्हणालात. मी सांगितलं काय म्हणालो ते. दादाचं बोट वाकत नाही अजून नीट.

शेवटचं विचारते, तिचं बीपी गेले चार दिवस ११४/७२, ११०/७० असं येतंय, एकदा उठताना चक्कर पण आली. गोळी बंद करू का आपली आपण? सहा आठवड्यांच्या व्हिजिटला अजून दोन आठवडे आहेत.

टाका_दोरा

आपली आपण नको, पण दोन आठवडे थांबूही नका. असं खाली यायला लागलं की डोस कमी करायची वेळ आलेली असते आणि तो पायरीपायरीने कमी करतात. वही घेऊन या आठवड्यातच दाखवा. बंद झाल्यावरही आठवडाभर मोजत राहा. आणि तीन महिन्यांनंतरही बीपी चढलेलंच राहिलं तर तो मग बाळंतपणाचा विषय नाही, फिजिशियनना दाखवायचं.

वळीव

सोमवारची वेळ घेतली. मशीनचे सेल संपत आलेत बहुतेक, आज सकाळी दोनदा एरर आला, ते आणते आधी.